डोळे आले नव्हते

पळस फुलला की आमच्या धाकट्याचे डोळे लाल होतात, हे ध्यानात यायला आम्हाला तीन वर्षे लागली. आम्ही दोघेही शिक्षक. नोकरी आलापल्लीकडे, मूळ घर बल्लारपूरला. मोहफुले वेचायला जागा साफ हवी म्हणून मार्चमध्ये इकडे झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्याचा धूर, वाऱ्यावरचे परागकण आणि तापत जाणारी कोरडी हवा. बल्लारपूरला जावे तर तिथे कोळशाची धूळ. पोरगा दोन्ही मुठींनी डोळे चोळत बसायचा.

सगळे म्हणाले, डोळे आलेत. शाळेने आठवडाभर घरी ठेवायला सांगितले. आम्हीही दुसऱ्यांच्या मुलांना असेच घरी पाठवले होते, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार? नानीने सुरमा घातला. शेवटी औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, थेंब आणले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! मग काय, दोन उन्हाळे तीच बाटली.

चष्म्याचा नंबर काढायला नागपूरला नेले, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला. पुन्हा मोजला. म्हणाले, "बाटली दाखवा." त्यात स्टेरॉइड होते. दाब वाढला होता. असाच वाढत राहिला तर काचबिंदूने नजर जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. परतीच्या बसमध्ये आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

डॉक्टरांनी त्याची वरची पापणी उलटून आम्हाला दाखवली होती. आत फरसबंदीसारखे उंचवटे. हा जंतूंचा आजार नाही, ॲलर्जीचा आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उष्ण, कोरड्या मुलखात तो जास्त आणि बहुधा मुलग्यांना, साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या वयात. पुष्कळांचा वयात आल्यावर ओसरतो. ओळखायची खूण म्हणजे खाज आणि ताणला तर तारेसारखा लांबणारा चिकट स्राव.

घरी आल्यावर आम्ही वाचत बसलो. पापणीच्या आतल्या अस्तरात मास्ट पेशी असतात. 1878 मध्ये पॉल एर्लिख या जर्मन तरुणाने आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. पोटात दाणेच दाणे दिसले म्हणून त्याला त्या खाऊन गुबगुबीत झालेल्या वाटल्या आणि त्याने तसेच नाव दिले. खरे तर ते अन्न नव्हे, दारूगोळा. शरीर एखाद्या परागकणाला शत्रू समजले की आयजीई नावाची प्रतिपिंडे बनवते आणि ती या पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच कण आला की काही मिनिटांत दाणे फुटतात, हिस्टामाइन बाहेर पडते. खाज, लाली, पाणी. आणि चोळले की आणखी दाणे फुटतात! म्हणजे ज्याने बरे वाटते तेच आग वाढवते.

काही तासांनी टी पेशींच्या बोलावण्यावरून इओसिनोफिल येतात. त्यांतली प्रथिने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यालाही जखम करू शकतात. आमच्या मुलासारख्या हट्टी आजारात ही दुसरी फौज फार मोठी असते. स्टेरॉइड सगळ्यांनाच गप्प करते, म्हणून तर जादू वाटली. डॉक्टर गरज पडल्यास तेही देतात, पण मोजके दिवस आणि दाब तपासत. आता त्याला मास्ट पेशींना आवरणारे थेंब आहेत, थंड पाण्याच्या घड्या, टोपी आणि गॉगल. वर्गात मुले त्याला "हिरो" म्हणतात. दाब उतरला आहे. तरी दर तीन महिन्यांनी नागपूरची फेरी चुकत नाही.

मोठीलाही थोडी खाज सुटते. रोज्यात थेंब घालू का, तिने विचारले. मौलाना साहेबांनी सांगितले, डोळ्यात थेंब घातल्याने रोजा मोडत नाही.

अनेक सुरम्यांत शिसे सापडले आहे, हे नानीला सांगणे मात्र सगळ्यांत अवघड गेले. तिच्या अम्मीची सुरमेदानी आहे ती. ईदच्या सकाळी ती काढते, पुसते, आमच्याकडे बघते आणि परत कपाटात ठेवते.