सव्वाशे लिटर पाणी आणि उत्तरेचा किब्ला

करमाडहून जालन्याकडे निघाले की रस्त्याच्या कडेला ट्रक उभे दिसतात. चालक गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून डाळ शिजवतो, जेवतो आणि केबिनमध्येच आडवा होतो. म्हणजे चाकांवरचे घर आपल्याला नवे नाही. पण त्या घरात बाईमाणसाला जागा नसते. आपल्याकडच्या बायका लांबच्या प्रवासाला निघताना सकाळपासून पाणी पीत नाहीत. वाटेत सोय मिळेल की नाही याची खात्री नसते, मिळाली तरी ती वापरण्याजोगी असेलच असे नाही. आमच्या अम्मींनी उभ्या आयुष्यात असाच प्रवास केला. एसटीत बसल्या की ओठ कोरडे ठेवून खुलताबादपर्यंत जायचे आणि तसेच परतायचे.

कॅनडात एडमंटनला राहणाऱ्या आमच्या मुलाने जून महिन्यात मोटारहोम भाड्याने घ्यायचे ठरवले, ते मुख्यतः आजीसाठी. मोटारहोम म्हणजे छोट्या बसएवढी गाडी. आत गॅसची शेगडी, फ्रिज, झोपायच्या जागा, पडदे आणि मागे संडास-न्हाणी. अम्मींचे गुडघे धरतात, हॉटेलांत हलाल मिळत नाही, नमाजाला जागा शोधत फिरावे लागते. या तिन्ही अडचणी एका गाडीत सुटणार होत्या. एडमंटनमध्ये हलाल मटणाची ददात नाही. कॅनडातली पहिली मशीद, अल रशीद, १९३८ साली त्याच शहरात उभी राहिली. खिमा गोठवून घेतला, पीठ, डाळ, तांदूळ, करमाडहून नेलेला मसाला भरला आणि आम्ही दोघे, अम्मी, मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात असे सहाजण अलास्का हायवेला लागलो. त्या प्रवासातला एकच दिवस इथे सांगतो, फोर्ट नेल्सन ते लिआर्ड नदीपर्यंतचा. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गावर एवढे अंतर तीन तासांत संपते, आम्हाला सकाळी नऊपासून संध्याकाळचे सहा वाजले.

फोर्ट नेल्सन सोडले आणि मोबाइलचा सिग्नल गेला. तो दिवसभर आला नाही. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडे, काळपट हिरवी, अंगाने बारीक, एकमेकांना चिकटून उभी. वीस-वीस मिनिटे समोरून वाहन येत नाही. पेट्रोल पंप शंभर किलोमीटरवर एखादा, आणि जसजसे आत जावे तसतसा भाव चढत जातो. आमची गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर देत होती, त्यामुळे मुलाचे लक्ष काट्यावरच होते.

हा रस्ता लढाईने बांधला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर अलास्का कसे वाचवायचे, ही चिंता अमेरिकेला पडली. १९४२ च्या मार्चमध्ये सैन्याने काम सुरू केले आणि त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी कच्चा रस्ता तयारही झाला. दहा हजारांहून जास्त सैनिक राबले. त्यांतले सुमारे एक तृतीयांश काळे होते. त्या वेळी अमेरिकन सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. थंडी, दलदल, डास सगळ्यांना सारखेच, पण तंबू वेगळे. एका सफेत नमाज पढणाऱ्यांना ही गोष्ट वाचताना खटकल्याशिवाय राहत नाही. आणि ज्याला पर्यटक निर्जन रान म्हणतात ते निर्जन नव्हतेच. कास्का देने लोक पिढ्यानपिढ्या इथे शिकार आणि मासेमारी करून राहत आले आहेत. रस्त्याबरोबर गोवर आणि फ्लूसारखे आजार आले आणि वाटेवरच्या अनेक आदिवासी वस्त्यांना त्यांनी गाठले.

दुपारी बाराच्या सुमारास समिट लेकला पोहोचलो. अलास्का हायवेवरची ही सर्वांत उंच जागा, सुमारे १,२९५ मीटर. उंची फार नव्हे, पण जूनमध्येही डोंगरांच्या खोबणीत बर्फ होता. सूनबाईंनी चहा टाकला. अम्मींनी आधी विचारले, "पुढे किती वेळ थांबणार नाही?" आणि मग स्वतःच हसल्या. संडास चार पावलांवर होता. त्यांनी दोन कप चहा घेतला. अम्मींना प्रवासात दुसरा कप घेताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पण खरी गंमत पाण्याची. मोटारहोममध्ये पाण्याच्या दोन बाजू असतात. स्वच्छ पाण्याची टाकी एक. वापरलेले पाणी जमिनीवर सोडायला बंदी, ते खालच्या टाक्यांत साठते, भांड्याअंघोळीचे वेगळे आणि संडासाचे वेगळे. ठरावीक ठिकाणीच पाइप लावून त्या रिकाम्या करायच्या. त्यामुळे नळ मोकळा सोडला की एकीकडे पाणी संपते आणि दुसरीकडे टाकी भरते, तोटा दोन्हीकडून. आमच्या टाकीत सव्वाशे लिटर पाणी होते. पाच मिनिटे शॉवर घेतला तर चाळीस लिटर जातात. एडमंटनमध्ये वाढलेल्या नातीला हे कसे कळावे? तिथे नळाला चोवीस तास पाणी. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंतच टाकी तळाला गेली होती.

मग दुसऱ्या दिवसापासून कारभार अम्मींनी हातात घेतला. १९७२ च्या दुष्काळात त्या नवी नवरी म्हणून करमाडला आल्या. घागर कशी पुरवायची हे त्यांना कोणी शिकवायला नको. पुढे टँकरची वाट पाहण्यात कितीतरी उन्हाळे गेले. त्यांनी सूनबाईंकडून एक स्टीलचा तांब्या मागून घेतला आणि हुकूम काढला : नळाखाली वुजू बंद, तांब्याने करायचा. तांदूळ धुतलेले पाणी भांडी विसळायला. ताट आधी कागदाने पुसायचे, मग धुवायचे. नात कुरकुरली. तेव्हा अम्मींनी तिला सांगितले की प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, आजच्या मापाने साधारण पाऊण लिटर. नातीने मापाचा जग आणून खरेच मोजून पाहिले. तिला एक लिटर लागले, अम्मींना अर्धा. तेव्हापासून ती रोज आजीशी पैज लावू लागली.

टोड रिव्हरच्या लॉजमध्ये पेट्रोल भरले. तिथे छताला हजारो टोप्या टांगलेल्या आहेत, येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांनी दिलेल्या. मुलाला आपली नमाजाची टोपी तिथे लावायची लहर आली. अम्मींनी नुसते पाहिले, आणि टोपी खिशात गेली.

मन्चो लेकला अडीच वाजले. बारा किलोमीटर लांब तळे, पाणी जेडच्या खड्यासारखे हिरवे. कास्का भाषेत मन्चो म्हणजे मोठे पाणी. काठच्या रस्त्यावर रानटी मेंढ्या दगडांतले क्षार चाटत उभ्या होत्या, भोंगा वाजवला तरी हलेनात. मुलाने गाडी मोकळ्या जागेत लावली. जोहरची वेळ होऊन तासभर झाला होता. मुसाफिराची नमाज म्हणून दोन रकअत पढायच्या होत्या, पण तोंड कुठे करायचे? अम्मी सवयीने पश्चिमेकडे वळल्या. मुलगा म्हणाला, "दादी, इथे उत्तरेला."

अम्मींना पटेना. आपल्याकडे किब्ला म्हणजे पश्चिम, हे मूल चालायला लागते तेव्हापासून माहीत असते. नातीने तिचा छोटा पृथ्वीचा गोल काढला आणि दोरा धरून दाखवला. मन्चो लेक आणि मक्का पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, म्हणून सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अंगाने जाते. तिथून किब्ला उत्तरेला आणि किंचित पूर्वेला येतो. दोरा ताणलेला पाहून अम्मींची शंका फिटली. तळ्याच्या काठी, गार वाऱ्यात, बर्फाच्या डोंगरांकडे तोंड करून आम्ही सहाजण उभे राहिलो. मेंढ्या सोडून तिथे कोणी नव्हते.

जेवण आत केले, दार लावून. या रानात अन्न बाहेर ठेवायचे नाही, खरकटे अस्वलांना उघडता न येणाऱ्या लोखंडी पेट्यांतच टाकायचे. यात थट्टा नाही. लिआर्डच्या गरम झऱ्यांवर १९९७ मध्ये अस्वलाच्या हल्ल्यात दोन माणसे दगावली.

त्या झऱ्यांपाशीच मुक्काम होता. येण्याच्या वाटेवर रानगव्यांसारखे बायसन रस्त्याच्या कडेला लोळत होते. दलदलीवरून फळ्यांची पायवाट झऱ्याकडे जाते. ती पहिल्यांदा १९४२ मध्ये सैनिकांनीच घातली. उनकेश्वरचे गरम पाणी पाहिलेल्यांना झऱ्याचे नवल वाटणार नाही, पण एवढ्या थंड मुलखात त्याच्याभोवती गच्च नेचे माजलेले पाहून वाटते. कुंडात स्त्री-पुरुष एकत्र पोहत होते. अम्मी आणि सूनबाई खालच्या वाहत्या ओढ्याकडे गेल्या आणि फळीवर बसून पाय पाण्यात सोडले. दिवसभर अर्ध्या लिटरवर हिशेब ठेवलेल्या अम्मी पाऊण तास तिथून उठल्या नाहीत.

मगरिब साडेदहानंतर झाली. इशाचा प्रश्न मोठा, कारण त्या दिवसांत तिथला संधिप्रकाश रात्रभर पूर्ण मावळतच नाही. अशा प्रदेशांसाठी उलमांनी वेगवेगळे मार्ग सांगितले आहेत. निघण्यापूर्वी इमामसाहेबांना विचारून आम्ही अंदाजाच्या वेळा लिहून आणल्या होत्या, त्याप्रमाणे इशा केली. खिडक्यांचे पडदे ओढले तरी आत उजेड राहिला. काट्यावर टाकी अर्ध्याच्या थोडी वर होती. वॉटसन लेक अजून दोनशे किलोमीटर दूर, पाणी तिथेच भरायचे होते. झोपण्यापूर्वी अम्मींनी पेलाभर पाणी मागितले, सगळे प्यायल्या आणि वरून आणखी अर्धा पेला घेतला.