कटणारा बोल्ट

काळ्या रानाचा वाफसा दोन-चार दिवसांचाच. पाऊस उघडल्याबरोबर औत घातलं तर चिखल लपेटतो आणि उशीर केला तर त्याच मातीची ढेकळं होतात. ही चिकणमाती ओल पिऊन फुगते, सुकली की आक्रसून भेगाळते. मधल्या तेवढ्या दिवसांत मराठवाड्यातला शेतकरी साऱ्या वर्षाचा डाव मांडतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. तेवढा पाऊस झाला की गावातला एकही ट्रॅक्टर दारात दिसत नाही. आणि नेमकं त्याच दिवशी काहीतरी तुटतं.

मृगात शेजारच्या रानात रोटाव्हेटर चालला होता. कधीकाळी तोडलेल्या बाभळीचं खोड मातीखाली राहून गेलेलं. कट्टदिशी आवाज झाला. ट्रॅक्टर घुमतच होता, शाफ्टही फिरत होता, पाती मात्र जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरने शाफ्टला इंजिनाची ताकद देणारा पीटीओ सोडला, इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली आणि शाफ्ट पुरता थांबेपर्यंत हात लावला नाही. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9. उपरण्याचं टोक त्यात सापडलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आभाळ भरून येत असताना त्या पोराने दाखवलेला हा धीर मला फार मोलाचा वाटला.

"अण्णा, बोल्ट कटलाय," तो मालकाला म्हणाला.

दोन तुकडे त्याच्या तळहातावर होते. अंग ग्रीसने काळं झालेलं, कटलेली बाजू तेवढी चकचकीत. बांधावर जमलेल्यांपैकी एकाने आपल्या डब्यातला बोल्ट पुढे केला. "हा घाल. पुन्हा तुटायचा नाही."

पोराने बोल्टाच्या डोक्यावरचा 10.9 हा आकडा वाचला आणि तो परत दिला. "तुटायचा नाही म्हणूनच नको, काका. मग गिअरबॉक्स जाईल."

आकडा चढा, तसा बोल्ट कणखर. कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा कणखर बोल्ट घातला, तर खोडाचा दणका त्याच्यापाशी थांबत नाही, पुढे गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. मग थोडक्यात भागणारी गोष्ट हजारांवर जाते, आणि गिअरबॉक्स तालुक्याहून दुरुस्त होऊन येईपर्यंत वाफसा निघून जातो.

पूर्वी तिफणीचा फण मुळात अडकला की बैल आपणहून थबकत. खांद्यावरची ओढ वाढलेली त्यांना कळे. 50 अश्वशक्तीच्या इंजिनाला ती जाण नाही, म्हणून ती या बोटभर लोखंडात घालून ठेवली आहे. पोराने अडकलेला तुकडा ठोकून काढला, सीटखालच्या डब्यातला नेमका बोल्ट बसवला. तोवर दोघांनी पहारीने खोड उपटलं. तासाभरात रान पुन्हा चालू झालं.

मला मात्र त्या रानाच्या मालकाचा विचार सुटेना. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, लेकराची फी, सोसायटीचं कर्ज असा सगळा भार एकाच माणसाच्या अंगावर, आणि मध्ये कुठेही कटणारा बोल्ट नाही. सरकारदरबारी एक आहे, पैसेवारीचा, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याच्या सरकारी अंदाजाचा. ती 50 पैशांच्या खाली गेली की शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती अशा सवलतींची वाट मोकळी होते. पण खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर होते डिसेंबरात. पीक हातचं गेलेलं असतं ऑगस्टच्या उघडिपीत नाहीतर सप्टेंबरच्या अतिवृष्टीत. मधल्या महिन्यांचा दणका सोसतो तो माणूस.

यंत्रं बनवणाऱ्यांना हे कळलं की भार कुठेतरी थोडक्यात तुटला पाहिजे, म्हणजे मोठं काही तुटत नाही. माणसाच्या बाबतीतही ही सोय आधीच करून ठेवायला हवी: घरात, भावकीत, सोसायटीत, तहसिलात. आणि ती वेळेवर चालली पाहिजे. गिअरबॉक्स गेल्यावर कटणाऱ्या बोल्टाचा कुणालाच उपयोग नाही.