एका पायात बूट

१९१६ साली बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी ‘म्युझियमचा थकवा’ या विषयावर लेख लिहिला. त्यातले फोटो अजूनही बघण्यासारखे आहेत. एका माणसाला मांडलेल्या वस्तू नीट बघून काही सोप्या प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगितलं होतं. बिचारा कुठे कमरेत वाकलाय, कुठे खाली बसलाय, कुठे मान तिरकी करून कपाटात डोकावतोय. दोष बघणाऱ्याचा नाही, मांडणाऱ्याचा, असं गिलमन यांचं म्हणणं.

२००९पासून चाकणला जर्मन गाड्या बनू लागल्या आणि आसपासच्या पोरांच्या जर्मनी वाऱ्या सुरू झाल्या. खेड तालुक्यातल्या राजगुरुनगरचा असाच एक इंजिनिअर रविवारी एकटाच बर्लिनमध्ये होता. रविवारी तिथली दुकानं बंद, मग म्युझियम. सकाळी नेफर्टिटी राणीचा पुतळा बघून झाला. तिचा फोटो काढू देत नाहीत. तिथून ब्रांडेनबुर्ग गेटवरून चालत गेमेल्डेगॅलरी हे चित्रांचं संग्रहालय गाठलं. तिथली सगळी दालनं फिरायची तर जवळजवळ दोन किलोमीटर होतात.

माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला पोचलेला हा गडी. इथे मात्र गिलमन यांच्या त्या थकव्याने दुपारीच पोटऱ्या भरून आल्या. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात. चित्रापुढे खांबासारखं उभं राहिलं की ते पायातच साचतं. कारखान्यात लाइनवर उभं राहणाऱ्यांच्या पायाखाली निदान रबरी मॅट असते.

ब्रुगेल या चित्रकाराच्या १५५९च्या चित्रापुढे मात्र तो पाय विसरला. ओकच्या फळीवर एक अख्खं गाव आणि त्यात शंभरावर म्हणी, सगळ्या माणसांकडून करवून घेतलेल्या. एकजण डुकरांपुढे गुलाब उधळतोय. एकजण चिलखत घालून मांजराच्या गळ्यात घंटा बांधतोय. भिंतीवर डोकं आपटणाऱ्याच्या एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. त्या क्षणी आपल्या गड्याला तो फारच शहाणा वाटला. दोन बैठकांच्या मधोमध जमिनीवर बसलेलाही आहे एक. आणि खाली, अगदी पुढ्यात, फावडं घेतलेला माणूस विहीर बुजवतोय. वासरू आत बुडून मेल्यावर.

या तुकड्याचा फोटो त्याने आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिचा लगेच फोन.

“कठडा नव्हता का रे विहिरीला?”

“नसेल गं.”

“मग आधी नको का बांधायला? आणि त्याची गाय कुठंय?”

गाय काही सापडली नाही. तो मात्र आणखी अर्धा तास तिथेच शोधत राहिला.

म्युझियमची पारख बाकांवरून करावी. पाठीला टेका असलेला बाक, तोही चांगल्या चित्रासमोर, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. बऱ्याच ठिकाणी बाक असतो आणि समोर दार.

बर्लिनला जाऊन आलेल्या या पोरांपैकी साताऱ्याजवळच्या औंधला कितीजण गेले असतील? बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली तिथे संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं दगडी ‘माता आणि मूल’सुद्धा आहे. यमाईच्या डोंगराची चढण तेवढी आहे, पण चढणीची तक्रार खेड तालुक्यातल्या माणसाने करू नये.