अक्षरांचा स्वर

भाषा ही मूलतः ध्वनींची व्यवस्था आणि लिपी हे तिचे केवळ वस्त्र, असे मी अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. हे वस्त्रही बोलते, याची जाणीव मला एका शोकसभेच्या सूचनेने करून दिली.

इंग्रजी विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे निधन झाले होते. सूचनाफलकासाठी इंग्रजी मजकूर संगणकावर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. दुरूनही वाचता यावे म्हणून त्यांचे नाव मी ‘कूपर ब्लॅक’ या जाड, ठसठशीत फॉन्टमध्ये घेतले. सायंकाळी त्यांची कन्या फलकापाशी थांबली. “सर, बाबांचं नाव हसतंय असं वाटतं,” एवढेच ती म्हणाली. मजकुरात एकही चूक नव्हती. तरी सूचना चुकली होती. मी ती उतरवली आणि सडपातळ, शांत अक्षरांत पुन्हा छापून लावली.

पुढे मी या अक्षरांची माहिती मिळवली. अमेरिकन अक्षररचनाकार ऑस्वल्ड कूपर यांनी ती घडवली आणि शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने 1922 मध्ये ती बाजारात आणली. रोमन अक्षरांच्या रेघांच्या टोकांशी जी छोटी पावले असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. पुस्तकी अक्षरांत ती बहुधा बारीक व रेखीव असतात. कूपर यांनी ती फुगवून गोल केली. अक्षरांच्या पोटातील पोकळी आक्रसली, काळेपणा वाढला, पण टोचणारा कोन उरला नाही. म्हणूनच हे अक्षर मोठ्याने बोलते, तरी दरडावत नाही. जाहिरात, मथळा, दुकानाची पाटी येथे ते शोभते. लहान आकाराच्या सलग मजकुरात मात्र पोकळ्या बुजतात आणि डोळा थकतो.

परंतु त्याचे हसरेपण केवळ गोलाईतून आलेले नाही. 1966 मध्ये ‘बीच बॉइज’च्या ‘पेट साउंड्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर हेच अक्षर होते. त्या काळात आणि नंतरही ते करमणुकीच्या व विक्रीच्या जगात इतके वावरले, की आज ते पाहताच गतकाळातील मौजमजा आठवते. शब्दाला वापरातून अर्थच्छटा चिकटतात, तशाच त्या अक्षरवळणालाही चिकटतात.

‘या’ हा एकच शब्द आपण आर्जवाने उच्चारतो, तसाच तुटकपणेही. बोलण्यात हा भेद कंठ करतो. छापील शब्दाला कंठ नसतो. त्याचे थोडे काम अक्षरवळण करते. विद्यार्थी मित्रहो, आपल्या प्रकल्पाचे मुखपृष्ठ वा एखादे निमंत्रण तयार करताना शुद्धलेखन तपासाल, तेव्हा अक्षरांचा हा स्वरही तपासून पाहा.

भाषेची व्याख्या मी आजही ध्वनीपासूनच सुरू करतो. लिपीविषयीच्या वाक्यातील ‘केवळ’ हा शब्द मात्र मी गाळला आहे.