फळ्यांची वाट

अमेरिकेच्या पश्चिम भागात, मुख्यतः वायोमिंग राज्याच्या उंच पठारावर, यलोस्टोन नावाचे विस्तीर्ण अरण्य पसरलेले आहे. १८७२ साली अमेरिकेच्या संसदेने हा प्रदेश सर्व जनतेसाठी राखून ठेवला, आणि जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून तो प्रसिद्धीस आला. या भूमीच्या पोटात अद्याप अग्नी धुमसत आहे. उकळत्या पाण्याची कुंडे, वाफेची विवरे, खदखदणारा चिखल अशी दहा हजारांहून अधिक स्थळे येथे आहेत. जमिनीतून उसळणाऱ्या उष्ण कारंज्यांना गायझर म्हणतात. जगातील अशा कारंज्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या यलोस्टोनमध्ये आहेत.

उन्हाळ्यातील एके सकाळी शेजारच्या आयडाहो राज्यातील एक शेतकरी कुटुंब येथे येऊन पोहोचले. आईवडील, चौदा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा. मुलाचे पाय जन्मापासूनच दुबळे होते. चाकांच्या खुर्चीवाचून त्याला कोठेही जाता येत नसे. आजवर त्याने पुष्कळ स्थळांच्या पायथ्याशी बसून इतरांची वाट पाहिली होती. "तू येथेच थांब, आम्ही पाहून येतो," हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकले होते, की पुढे पुढे कोणी ते बोलण्यापूर्वी तो स्वतःच म्हणू लागला, "तुम्ही जाऊन या, मी थांबतो." आपणच आधी म्हटले म्हणजे ते थोडे कमी बोचते, हे त्याला अनुभवाने कळले होते.

गाडी थांबताच तो सवयीने तेच म्हणाला. वडिलांनी खुर्ची खाली उतरवली आणि ते म्हणाले, "येथे तुला थांबावे लागणार नाही. समोर पाहा."

समोर फळ्यांची एक रुंद, सपाट वाट दूरवर गेली होती. तिला ना पायऱ्या होत्या, ना उंबरा. जमिनीपासून थोड्या उंचीवर ती खांबांवर तोलून धरलेली होती. मुलाने चाकांना हात घातला. फळीमागून फळी ओलांडताना चाकांखाली खट्‌खट्‌ असा एकसारखा नाद उठू लागला. कोणी ढकलत नव्हते. तो स्वतःच चालला होता.

बहीण मात्र धावतच पुढे गेली. वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र, खडूसारखी जमीन पसरली होती. तिला हात लावावा म्हणून ती फळ्यांवरून खाली पाय टाकणार, इतक्यात उद्यानाच्या रक्षकाने तिला हटकले. "थांब, मुली! हे दिसते तसे घट्ट नाही. पाण्यात विरघळलेली सिलिका साचून हा पापुद्रा बनला आहे. काही ठिकाणी तो अगदी पातळ आहे, आणि त्याखाली उकळते पाणी आहे. तो फुटून माणसे भाजली आहेत, प्राणासही मुकली आहेत. म्हणून या फळ्यांखाली उतरण्याची मुभा येथे कोणालाच नाही."

"कोणालाच नाही?" मुलाने मागून विचारले.

"कोणालाच नाही. धावणाऱ्यालाही नाही," रक्षक हसून म्हणाला.

मुलाला हे मोठे नवल वाटले. जेथे तो जाऊ शकत नव्हता, अशा जागा त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. परंतु चपळातल्या चपळ माणसालाही त्याच्याच वाटेने, त्याच्याच मर्यादेत राहून जावे लागते, अशी जागा तो प्रथमच पाहत होता.

सरकारी खर्चाने उभारलेल्या वास्तूंचा उपयोग चालता न येणाऱ्यांनाही करता आला पाहिजे, असा कायदा अमेरिकेत १९६८ साली झाला, आणि १९९० साली त्याहून व्यापक कायदा आला. अशा वाटा आपोआप होत नाहीत. कोणीतरी मागणी करावी लागते आणि कोणीतरी चढउतार मोजून फळी बसवावी लागते.

'ओल्ड फेथफुल' म्हणजे 'विश्वासू म्हातारा' हे कारंजे त्या वाटेच्या मधोमध आहे. १८७० साली आलेल्या एका शोधक तुकडीने त्याच्या नियमितपणावरून त्याला हे नाव दिले. रक्षकाने त्याचे रहस्य समजावून सांगितले. पावसाचे व बर्फाचे पाणी खोल झिरपते आणि तप्त खडकांमुळे अतिशय तापते; परंतु वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळू शकत नाही. वाट अरुंद असल्याने ते सहजी वरही येत नाही. अखेर थोडे पाणी बाहेर सांडते, दाब एकाएकी कमी होतो, आणि खालच्या पाण्याची क्षणात वाफ होऊन सारे उसळते. उद्रेक अल्पकाळ टिकला तर पुढचा लवकर येतो. अधिक वेळ टिकला तर सुमारे दीड तास थांबावे लागते.

"मागचा उद्रेक नऊ चाळीसला झाला आणि चार मिनिटांहून अधिक टिकला," रक्षक म्हणाला. मुलाने मनगटावरील घड्याळ पाहिले आणि मनात हिशेब मांडला: सव्वाअकराच्या आसपास.

तेवढ्यात बहिणीचे लक्ष पलीकडच्या टेकडीकडे गेले. नदी ओलांडून एक पायवाट तेथे चढत होती. वरून सारे खोरे दिसते, असे लोक सांगत होते. ती पायवाट मातीची, चढणीची होती. बहिणीने टेकडीकडे पाहिले, मग भावाकडे, आणि काही न बोलता मान खाली घातली.

मुलाच्या ओठांवर ते जुने वाक्य आले. क्षणभर तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तू बाबांबरोबर वर जा. वरून काय दिसते ते तू मला सांग. खालून काय दिसते ते मी तुला सांगेन."

बहीण धावतच निघाली. आई बाकावर बसली आणि मुलगा आपली खुर्ची वाटेच्या अगदी कडेला घेऊन विवराकडे टक लावून राहिला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी विवरातून थोडे पाणी उडाले आणि खाली बसले. पुन्हा उडाले, पुन्हा बसले. लोक निराश होऊन पुटपुटू लागले. मुलगा मोजत होता. अकरा अठराला गंभीर गर्जना झाली आणि पाण्याचा शुभ्र स्तंभ आकाशात चढला. पाहता पाहता तो शंभर फुटांच्याही वर गेला. वाऱ्याने वळलेले तुषार मुलाच्या मुखावर येऊन पडले. इतके उकळते पाणी, पण त्याच्यापर्यंत पोहोचेतो ते थंडगार झाले होते! साडेतीन मिनिटांनी स्तंभ ओसरला. केवळ वाफ उरली.

बहीण धापा टाकीत परतली. "वरून सारे खोरे दिसले! जागोजागी वाफा निघत होत्या, नदी चांदीच्या तारेसारखी दिसत होती, आणि तुम्ही सगळे मुंग्यांएवढे!"

"आणि गर्जना?" मुलाने विचारले.

"ती फारशी ऐकू आली नाही."

मग त्याने तिला सारे सांगितले: ती गर्जना, सात वेळा फसलेली उसळी, गंधकाचा वास, थंड तुषार आणि साडेतीन मिनिटे. ती ऐकतच राहिली. त्या दिवशी त्या दोघांनी मिळून ओल्ड फेथफुल पूर्ण पाहिले.

सायंकाळी गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी एका धबधब्याला जावयाचे होते. आईने त्याचे नाव उच्चारताच मुलाने मान वर केली. "मी थांबतो" असे तो म्हणाला नाही. त्याने विचारले, "तेथली वाट कशी आहे?"