बरं वाटलं म्हणून गोळी सोडली



सोयाबीनची गंजी यंदा मी नाही, धाकट्या भावानं लावली. कारण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी डोकं सारखं ठणकायचं. मग एक दिवस उजवा हात लुळा पडला. सगळे म्हणाले, लकवा. एमआरआय, अँजिओग्राफी, पाठीतल्या पाण्याची तपासणी झाली तेव्हा कळलं, मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज आहे. व्हॅस्क्युलायटिस. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. ठिबकची नळी चेमटली की पुढचं झाड सुकतं, तसंच.

आधी स्टिरॉइड, सोबत सहा महिने सायक्लोफॉस्फामाइडचं सलाईन. मग अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या, त्या अजून चालू.

मागच्या पेरणीत अंगात जोर आला, म्हणून मनानंच सगळं बंद केलं. काही दिवसांत उलट्या, चक्कर, बीपी खाली. स्टिरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. म्हणून डोस हळूहळूच उतरवायचा असतो. पुन्हा एमआरआय केला, तर सूजही परतलेली. बोलताना शब्द अजून अडकतो.

आता रक्तपेशी, लिव्हर, साखर वेळेवर तपासतो. प्रतिकारशक्ती दाबलेली, म्हणून बुरशीचा भुसा, शेणखताची धूळ, निरसं दूध लांबच. फवारणीच्या वेळापत्रकाशेजारी गोळ्यांचा कागद लावलाय. रोज खूण घरची मालकीण करते.

पीक हिरवं दिसलं म्हणून पाणी तोडतो का आपण? मग गोळी का तोडायची? डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.