समासातील नोंद

गेल्या चैत्रातील गोष्ट. सायंकाळी पारगावच्या आमच्या ओटीवर आम्ही पोथी मिटून बसलो होतो, तोच एक जुना विद्यार्थी सपत्नीक आला. सोबत चार वर्षांची कन्या. चहापाणी झाले, कन्या आमच्या नातवंडांबरोबर अंगणात पळाली, आणि मग त्याने खालमानेने खिशातून तिच्या जन्माचा दाखला काढला. आईचे नाव होते. बापाची जागा मोकळी. दोन्ही घरांच्या विरोधामुळे विवाह लांबला आणि कन्या आधी जन्मास आली. ती दोन वर्षांची झाल्यावर लग्न झाले, रीतसर नोंदलेही गेले.

“गुरुजी, शाळेत नाव घालायचंय. दादा म्हणतात, लग्नाची तारीखच मागची सांगा, कोण बघतो?”

खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात प्रथम तेच आले. घराण्याच्या अब्रूपुढे दोन वर्षांचा फरक तो काय! परंतु तेवढ्यात एक जुने शल्य जागे झाले.

नोकरीच्या आरंभी शाळेचे रजिस्टर भरताना आम्ही एका मुलास भर वर्गात बापाचे नाव विचारले होते. तो गप्प राहिला. आम्ही आवाज चढवून पुन्हा विचारले. मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही; पुढे मायलेक गाव सोडून गेल्याचे कळले. त्याच आठवड्यात वरच्या वर्गास आम्ही छांदोग्यातील सत्यकाम जाबालाची कथा मोठ्या प्रेमाने सांगितली होती. ज्याला पित्याचे गोत्र ठाऊक नव्हते व ज्याने ते तसेच सांगितले, त्याच्या सत्यासाठी गौतमाने त्यास शिष्य केले. कथा आम्ही शिकविली. गौतम होण्याची वेळ आली तेव्हा मात्र आम्ही नापास झालो.

वास्तविक या बाबतीत आपले पूर्वज आमच्याहून उदार होते. कुमारिकेचा कानीन पुत्र आणि विवाहसमयी गर्भस्थ असलेला सहोढ पुत्र, हे दोघेही तिच्याशी विवाह करणाऱ्याचे, असे मनूने मानले. याच नियमाच्या आधारे उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णास, तू धर्मतः पांडूचाच पुत्र, असे सांगतो. इंग्लंडच्या सरदारांनी मात्र नंतरच्या विवाहाने आधीचे अपत्य औरस ठरविण्यास 1236 मध्ये मर्टन येथे नकार दिला, आणि ती गाठ सुटावयास 1926 चा कायदा यावा लागला. आता तेथे अशा आईबापांनी लग्नानंतर तीन महिन्यांत मुलाच्या जन्माची फेरनोंद करावी, असे 1976 च्या कायद्याचे सांगणे आहे. आपल्या शेजारच्या गोव्यातही 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने नंतरच्या विवाहास हे सामर्थ्य दिले होते.

आपल्याकडे अशी स्वतंत्र फेरनोंद नाही. परंतु 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाचे 15 वे कलम आम्हांस फार मननीय वाटते. नोंदीत चूक असल्याची निबंधकाची खात्री पटली, तर त्याने मूळ नोंदीस हात न लावता समासात दुरुस्ती लिहावी व तारीख घालून सही करावी. खाडाखोड नाही, जुने सत्य जागच्या जागी, नवे सत्य त्याच्या शेजारी! अर्थात, केवळ मोकळी जागा भरावयाची असता निबंधक कागदपत्रे मागतात, प्रसंगी न्यायालयाकडेही धाडतात. मार्ग वळणाचा आहे, पण सरळपणाचा आहे.

हे सर्व आम्ही सांगत असता इतका वेळ पदराशी चाळा करीत बसलेली सूनबाई एकदम म्हणाली, “गुरुजी, मला लपवायचं नाही. उद्या हिनं विचारलं तर मी कुठली तारीख सांगू?”

या प्रश्नापुढे आमची विद्वत्ता संपली. आम्ही म्हटले, “बाळ, खरी तीच सांग. खोट्या तारखेवर उभे केलेले घर हिला जन्मभर सांभाळावे लागेल.” शाळेसाठी आहे तोच दाखला पुरेसा होता. अविवाहित मातेस केवळ आपल्या प्रतिज्ञापत्रावर अपत्याचा दाखला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली सांगितले आहे. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानेही घेतला आहे. आईचे नाव ही काही उणीव नव्हे.

दोघांच्या सहीचा अर्ज, विवाहनोंदणीचा दाखला व प्रतिज्ञापत्रे यांची जुळवाजुळव आम्ही करून दिली. हे लिहिताना निकाल व्हावयाचा आहे. कन्या मात्र शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिला पोहोचविण्यास तिचे आजोबा, तेच दादा, आपण होऊन गेले, असे कळले.

ज्या मुलास आम्ही गमावले, त्याच्या नोंदीची दुरुस्ती आता कोणत्याही समासात होणे नाही. म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती, की असे लेकरू दारी आले तर तारखा मोजू नयेत. त्यास आधी घरात घ्यावे.